सूं आवाजासाठी अ‍ॅम्प बदलू नका

फोन अ‍ॅम्पला (स्पीकरसाठी आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडून, फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून अ‍ॅम्पची आवाजाची कळ घड्याळातल्या तीनच्या जागेपर्यंत फिरवली की सूं ऐकू येतं, म्हणून नवा अ‍ॅम्प घ्यायचा विचार आहे असं एकाने लिहिलंय. थांबा, खर्च करू नका.

आधी गाणं थांबवा आणि नुसती कळ फिरवा. सूं कळीबरोबर वाढत असेल तर तो कळीच्या आधीच्या भागातून येतोय. एकसारखाच राहिला तर मात्र अ‍ॅम्पमधल्या कळीनंतरच्या भागातून.

बहुतेक वेळा पहिलंच असतं. फोनकडून सिग्नलच बारीक येतो, मग अ‍ॅम्प गाण्याबरोबर केबलमधली घरघरही वाढवतो. उलट करून बघा: कळ शून्यावर, फोन ८५-९० टक्क्यांवर, मग कळ हळूहळू वर. फोनच्या इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या सेटिंगमध्ये) बास, म्हणजे जाड आवाज, चढवलेला असेल तर तो आधी सपाट करा. ६ डेसिबल चढवणं म्हणजे व्होल्टेज दुप्पट, तिथेच आवाज फाटतो.

सीडी प्लेअर लावताना कळ आधी खाली आणा. त्याचं आउटपुट साधारण २ व्होल्ट, फोनचं बरंच कमी. मी एकदा विसरलो, तर स्वयंपाकघरात आईच्या हातातला झारा पडला!

सबवूफरची (फक्त जाड आवाजांच्या स्पीकरची) मागची कळ मात्र रोज फिरवायची नसते. एकदा मुख्य स्पीकरशी जुळवा आणि विसरून जा. रिसीव्हरने (बऱ्याच स्पीकरांना जोडायच्या अ‍ॅम्पने) ऑटो सेटिंगमध्ये, म्हणजे माइकने आवाज मोजून पातळी आपोआप ठरवताना, सबवूफरला -१२ डेसिबल दाखवलं तर बऱ्याच मॉडेलांत ती खालची हद्द असते. मागची कळ कमी करून मोजणी परत करा.