फोनने कागद वाचला म्हणून वकिलाची गरज संपली का?

तालुका_कोर्ट
परवाची ती पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. पाचवीतल्या मुलीने आत्याकडे सहीसाठी आलेल्या हक्कसोडपत्रावर फोन धरला, आणि फोनने सोप्या मराठीत सांगितलं की सही केलीस तर वडिलोपार्जित जमिनीतला तुझा हिस्सा भावांना जाईल, नंतर परत मिळवणं अवघड. आत्याने पेन खाली ठेवलं. इथपर्यंत मलाही आवडलं, मनापासून. पण शेवटी काय लिहिलंय, "आता गरिबाला वकिलाची गरजच नाही, वकील खिशात आला." आणि खाली सगळे वा वा करतायत. हे वाचून रात्री झोप नाही लागली म्हणून लिहितोय.

मी बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. मागच्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले, हातात कोर्टाची नोटीस, तीन महिने जुनी. नोटिशीत शब्द होता 'दरखास्त'. पुतण्याने फोनला विचारलं, फोन म्हणाला दरखास्त म्हणजे विनंती, अर्ज. यांना वाटलं समोरच्याने कुठंतरी अर्ज केलाय, करू दे. नोटीस देवघरातल्या फोटोमागे खोचून ठेवली. आता आमच्या कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, म्हणजे दावा तुम्ही आधीच हरलात आणि आता समोरचा ताबा घ्यायला निघालाय. ज्या दिवशी बेलीफ वॉरंट घेऊन दारात आला त्या दिवशी ते माझ्याकडे आले. अंगणात भांडी काढून ठेवलेली होती. स्थगिती मिळवताना माझ्या नाकी नऊ आले.

आणि कायदा बदलतो हो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी लोक फोनवरून जुन्या दंड संहितेतली ४२० आणि ४९८-अ ही कलमं लिहून आणतात आणि माझ्याशी वाद घालतात. मुलींच्या हिस्स्याचं तर विचारूच नका. मुलींना समान हिस्सा देणारी कायद्यातली दुरुस्ती २००५ ची, बाप त्याआधी वारला तर मुलीला हक्क नाही असं उत्तर मी स्वतः फोनवर वाचलंय, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्माच्या निकालात ते खोडून काढलं त्याला किती वर्षं झाली. अशा उत्तरावर एखादी बाई हिस्सा सोडून घरी बसली तर जबाबदार कोण?

लेकीचा_बाप
ती पोस्ट माझी. साहेब, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य, पण माझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट नव्हती ती आता लिहितो. आत्याने तो कागद फोनच्या आधी एका वकिलाला दाखवला होता. त्याने दोन हजार घेतले आणि म्हणाला काही नाही हो, घरगुती कागद आहे, करून टाका. नंतर कळलं की मसुदा त्याच्याच ऑफिसात टाइप झालेला, माझ्याच भावांच्या सांगण्यावरून. मग मला सांगा मी कोणावर विश्वास ठेवायचा?

आणि मी ते लिहिलं ते वकिलांना खाली दाखवायला नाही लिहिलं. मी सातवीत असताना आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढून आत जायचं, त्याच्यावर आईने शिवावी तशी झालर लावलेली खोळ, खिडकीला पडदे, आणि चाळीस पोरांत आठवड्याला एकेकाला चार मिनिटं. लोगो नावाच्या मुलांच्या कॉम्प्युटर भाषेतलं, सांगू तशी रेघ काढणारं ते कासव आठवतंय का कोणाला? एफडी १०० म्हणजे शंभर पुढे, आरटी ९० म्हणजे उजवीकडे काटकोनात वळ, असं चार वेळा टाकलं की चौकोन. मी तीन वेळाच टाकू शकलो आणि वेळ संपली. तो उघडा राहिलेला चौकोन मी आठवडाभर पाटीवर काढत होतो. मी सांगितलं आणि त्याने ऐकलं, हे घरात कोणी माझं ऐकत नसताना. परवा माझ्या पोरीचा चेहरा तसाच झाला होता. तिला आजपर्यंत वाटायचं मोठ्यांचे कागद मोठ्यांनाच कळतात. कागद बोलला आणि आत्याने ऐकलं, हे तिने बघितलं. त्या आनंदात वकिलाबद्दल एक वाक्य जास्त लिहिलं गेलं, ते मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

मराठी_आग्रही
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. दरखास्तीत चूक फोनची कशी? १९९८ मध्ये सरकारने अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी केली. इतकी वर्षं झाली. तरी माझ्या भावाच्या दाव्याचा निकाल इंग्रजीत आला, सदतीस पानं, भाऊ बारावी शिकलेला, आणि निकाल आपल्या बाजूने लागला की विरुद्ध हे त्याला कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. झेरॉक्सवाल्याने! ज्याच्या जमिनीचा निकाल आहे त्याला तो वाचता येत नाही, यापेक्षा मोठा अन्याय सांगा मला. फोनचं भाषांतर हा या आजारावरचा मलम आहे, आजार तसाच आहे.

तालुका_कोर्ट
@मराठी_आग्रही आमच्याकडे साक्षीपुरावा मराठीतच नोंदवला जातो, दावे कैफियती मराठीत, बरेच न्यायाधीश निकालही मराठीत देतात. हायकोर्टाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी आहे, ती तालुक्याच्या वकिलाने केलेली नाही. अपील हायकोर्टात गेलं की बऱ्याचदा कागद इंग्रजी करून द्यावे लागतात, त्या भाषांतराचा खर्च पक्षकारावर पडतो, तो माझ्या घशाखाली उतरत नाही. पण तुम्ही म्हणता तसं कोर्ट मराठी केलं की लोकांना कळेल, हे चूक आहे. 'दरखास्त' हा मराठी कोर्टातलाच शब्द आहे ना? तूर्तातूर्त मनाई, पुरसीस, मुखत्यारपत्र, चतुःसीमा, जाबजबाब. घरी आईला विचारा पुरसीस म्हणजे काय.

मराठी_आग्रही
मग ते शब्द बदला की! कोणी अडवलंय? 'अंमलबजावणीचा अर्ज' लिहा. तुम्ही लोकच ते शब्द जपून ठेवता कारण ते कळले नाहीत की माणूस तुमच्या पायरीवर येतो.

तालुका_कोर्ट
ही भाषा बरोबर नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून मी आजपर्यंत एक रुपया घेतलेला नाही. शब्द बदलायचा तर कोर्टाच्या नोंदवहीपासून कॉम्प्युटरमधल्या प्रकरणाच्या प्रकारापर्यंत सगळीकडे बदलावा लागतो, मी माझ्या अर्जात वेगळा शब्द घातला तर कोर्टाच्या कार्यालयातला शिरस्तेदार परत पाठवतो. दोन वेळा पाठवलाय.

भीमथडीकर
मध्येच बोलतो, माफ करा. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १२ मे १८७५ ला लोकांनी सावकारांची घरं दुकानं फोडली आणि कर्जखतं बाहेर काढून जाळली. दंग्यात लोक आधी धान्य पैसा उचलतात, इथं लोक मुख्यतः कागद शोधत होते. कारण त्या कागदावर आपण अंगठा कशावर दिला हेच माहीत नव्हतं, माहीत एवढंच की त्या कागदामुळे जमीन जाते. मग सरकारने १८७९ मध्ये कायदा आणला, शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं, त्याला समजावून सांगायचं. म्हणजे कागद वाचून दाखवणारा तिसरा माणूस हवा ही गरज तेव्हाच सरकारने कबूल केली. आज तो तिसरा माणूस एका पोरीच्या हातात आलाय. मला यात चमत्कार दिसतो, तुम्हाला दिसत नसेल तर नसो.

शब्दांचं म्हणाल तर मोडी बघा. आमच्या घरची जुनी खतं मोडीत आहेत, गावात वाचणारा एकही नाही. कुणबी नोंदी शोधताना सगळ्या जिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आठवा. भाषा आपली असूनही कागद परका होतो.

डिचोलीवाला
मोडीचं तुम्ही सांगताय, आमच्या गोव्यात जुने कागद पोर्तुगीजमध्ये. आजोबांच्या जमिनीचं लिखत घेऊन मी दोन वर्षं फिरलो, पोर्तुगीज वाचणारे आता म्हातारे झालेत. छापील पान फोनने नीट वाचलं, मान्य करतो, अंगावर काटा आला, आजोबांच्या आईचं पूर्ण नाव मला पहिल्यांदा कळलं. हाताने लिहिलेलं पान मात्र काहीच्या बाही वाचलं. आणि कायदा वेगळा हे फोनला आपणहून सुचत नाही. आमच्याकडे नवरा बायको मालमत्तेचे साधारण अर्धे अर्धे मालक, विकायला दोघांच्या सह्या लागतात, वारसा वाटायला इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कार्यवाही, लागते. मराठीत प्रश्न विचारला की फोन महाराष्ट्राचा सातबारा सांगत बसतो. इथं जमिनीचा उतारा सातबारा नसून 'फॉर्म एक-चौदा' असतो. हक्क सोडून द्यायला बहिणींना भाग पाडणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

विधी_स्वयंसेविका
दोन दिवस वाचतेय. बायकांच्या हिश्श्यावरून धागा सुरू झाला आणि तुम्ही पुरुषमंडळी पुरसीस आणि मोडीवर पोचलात. मी तालुका विधी सेवा समितीत स्वयंसेविका आहे, बाजाराच्या दिवशी टेबल लावून बसते. मला एक सांगा, फोन कोणाचा आहे? माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांत सात जणींचा फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. एकीने नवऱ्याच्याच फोनवर 'मारहाण झाली तर काय करायचं' असं बोलून विचारलं. संध्याकाळी त्याने फोन उघडला, तो प्रश्न वरच होता. पुढचं मी लिहीत नाही. ती दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत कपडे घेऊन माझ्या टेबलाशी आली. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, तसं बंधन कायद्याने त्याच्यावर आहे. फोनला कसलं बंधन?

आणि वकील परवडत नाही हे ऐकून माझं डोकं उठतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. बाईला उत्पन्नाची अट नाही. गरीब असो श्रीमंत असो, बाई असेल तर मोफत वकील मिळतो. मुलं, अनुसूचित जाती जमाती, अपंग, कोठडीतले, औद्योगिक कामगार, सगळे त्यात आहेत. १५१०० ला फोन लावा, पैसे लागत नाहीत. त्या आत्याला हे कोणी सांगितलं का? वकिलाने नाही, फोननेही नाही.

तालुका_कोर्ट
ताई, मोफत वकील मिळतो पण तो किती वेळ देतो हेही लिहा. मोफत वकिलांच्या पॅनेलवर मीही होतो, मिळणाऱ्या पैशात टायपिंगही निघत नाही.

विधी_स्वयंसेविका
लिहिते की. काही जण तारखेला येतही नाहीत, मी स्वतः तक्रारी केल्यात. म्हणून तर मला फोन हवाय, पण माझ्या टेबलावर, माझ्यासमोर. बाई बोलते, फोन कागद वाचतो, मी शब्द तपासते, मग वकिलाकडे पाठवते. पूर्वी एका बाईला अर्धा तास लागायचा, आता दहा मिनिटांत कळतं कागद कशाचा आहे.

तालुका_कोर्ट
बरं. हे असं असेल तर माझा विरोध नाही. आणि एक गोष्ट मलाही कबूल करायला हवी, ती ई-कोर्टची सोय. प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. आधी पक्षकार एसटीने चाळीस किलोमीटर यायचा, दोनशे रुपये आणि दिवसाची मजुरी घालवायचा, आणि मी सांगायचो साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. ते सांगताना मला लाज वाटायची. आता तोच माणूस मला फोन करून सांगतो वकीलसाहेब आपली तारीख पडलीय. पहिल्यांदा राग आला होता, खोटं का बोलू. तरी खिशात वकील आला हे वाक्य मी मान्य करणार नाही.

मराठी_आग्रही
त्या सीएनआरवर निकाल उघडा, मग कळेल कुठल्या भाषेत येतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ ला भाषांतराचं 'सुवास' सॉफ्टवेअर आणलं, तिथले निकाल मराठीत करता येतात आणि तालुक्याचा होत नाही, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. शिरस्तेदाराचं ऐकलं, ते लक्षात घेतो. वकीलसाहेबांना पायरीवरून बोललो ते जरा जास्त झालं.

लेकीचा_बाप
काल काय झालं ते सांगतो. पोरीला त्या कागदातला 'चतुःसीमा' शब्द आवडला. फोनने सांगितलं जमिनीच्या चार बाजूंना काय आहे ते. झालं, तिने आत्याला घेऊन शेत गाठलं. फोनमधलं होकायंत्र लावून बांधावर उभी, आत्या कागद धरून, मी मागे. दक्षिणेस रस्ता, बरोबर. पश्चिमेस ओढा, बरोबर. उत्तरेस शेजाऱ्याचा गट, बरोबर. पूर्वेस लिहिलंय 'विहीर व त्यापलीकडे भावाचे क्षेत्र'. पोरगी फिरून परत तिथेच आली, म्हणाली बाबा विहीर तर आपल्या आत आहे, कागदात बाहेर कशी? आत्या खाली बसली. ती विहीर आजोबांनी खोदली तेव्हा ती दहा वर्षांची होती, माती उपसायला होती.

फोनला विचारलं तर म्हणतो टायपिंगची चूक असू शकते. साहेब, असू शकते का?

तालुका_कोर्ट
असू शकते आणि नसूही शकते, हे कागद बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. जुनं खत असेल ते, सातबारा, सगळे फेरफार आणि मोजणीचा नकाशा काढा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. गट नंबर इथं टाकू नका. आत्यांना कोरा कागद असो की भरलेला, कशावरही सही करू देऊ नका, आधी कुठं केली असेल तर तारीख आठवायला सांगा, कारण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात यावं लागतं. मंगळवारी साडेदहाला कोर्ट सुरू व्हायच्या आधी या. फीचं नंतर बघू. मुलीला शाळा बुडवून आणू नका.

विधी_स्वयंसेविका
फी कशाला? कलम १२ चा अर्ज माझ्याकडे आहे, आत्यांचं आधार आणि तो कागद घेऊन आधी माझ्याकडे या, समितीचं ऑफिस त्याच आवारात आहे. मुलीला आणा, एक दिवस शाळा बुडाली तर चालेल, तिनेच शोधलंय ते.