जुनी एम४२ लेन्स आणि एक्स्टेंशन ट्यूब: फोटोच्या मधोमध फिकट डाग, मदत हवी आहे

हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२; एम४२ म्हणजे ४२ मिमी आट्यांची) अ‍ॅडॅप्टरने एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) मिररलेस बॉडीवर लावली आहे. विषय बागेतलेच: जास्वंदीचे पुंकेसर, मुंग्या, पानांवरचे थेंब. नुसती लेन्स अर्ध्या मीटरच्या आत फोकस होत नाही, म्हणून लेन्स आणि बॉडीच्या मध्ये २० मिमीची ट्यूब (काच नसलेली पोकळ नळी). फोकस अनंतावर ठेवला तरी ०.३४ पट मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा विषयाच्या ०.३४ पट) मिळतं, मला तेवढं पुरतं.

एफ/४ पर्यंत चित्र स्वच्छ. एफ/८च्या पुढे (लेन्सचं छिद्र आणखी लहान केलं की) मात्र मधोमध धुरकट गोल डाग येतो आणि तिथला काळा रंग राखाडी दिसतो. मागे आकाश असलं की जास्त, सावलीत जवळजवळ नाहीच. ट्यूब काढली की डाग गायब. टॉर्चने पाहिलं, काचांत बुरशी नाही, धूसरपणाही नाही. ट्यूबची आतली भिंत मात्र चकचकीत आहे. लेन्सचं प्रतिमावर्तुळ (ती पाडते ती गोल प्रतिमा) फुल-फ्रेमचं, म्हणजे माझ्या सेन्सरपेक्षा मोठं, त्यामुळे जादा प्रकाश त्या भिंतीवर आपटून सेन्सरवर येत असावा. हूडने (लेन्सपुढे लावायच्या, बाजूचा प्रकाश अडवणाऱ्या कडेने) फरक पडला, पण डाग पूर्ण गेला नाही.

भिंतीला मखमली काळा कागद चिकटवावा की मॅट काळा रंग द्यावा? रंगाचे कण, विशेषतः आट्यांवरचे, सुटून सेन्सरवर पडतील ही धास्ती आहे. लेन्सच्या मागे चौकोनी खिडकीचा काळा पुठ्ठा कोणी बसवलाय का? कोपरे काळे न होता खिडकी किती लहान करता येते? आणि हा डाग सेन्सर व मागच्या काचेमधल्या परावर्तनाचा असेल, तर ते वेगळं कसं ओळखायचं?

मॅक्रो लेन्स घ्या, हा सल्ला कृपया नको.