मदत हवी आहे: कढीपत्त्यावरच्या अळ्या चार दिवसांत गायब होतात

पुण्यात सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत ३० बाय ८ फुटांचा पट्टा फुलपाखरांसाठी राखलाय. दर रविवारी आठ-दहा जण काम करतात. कढीपत्ता ६, लिंबू २, रुई ३, कडेने गेंदेदार झेंडू. कढीपत्त्यावर अंडी, अळ्या दिसतात, पण चार-पाच दिवसांत एकही उरत नाही. कोश तर एकदाही दिसला नाही. रुईवर पिवळा मावा आहे, म्हणून पंधरवड्याला सगळीकडे कडुनिंबाचं तेल मारतो, लिटरला ५ मिली. माळीकाका कुरतडलेले शेंडे छाटतात. काय चुकतंय?

गवतफूल:
तेल आणि कात्री, दोन्ही. कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनने अळीचं खाणं मंदावतं आणि तिला नीट कात टाकता येत नाही. लगेच मरत नाही, म्हणून फवारणीवर संशय जात नाही. 'सेंद्रिय' म्हणजे अळीला चालणारं, असं नाही.

रुईवरचा मावा नुसत्या पाण्याच्या धारेने जातो. आधी पान उलटून बघा, टायगर फुलपाखरं तिथे एकेकटं अंडं घालतात. थोडा मावा राहिला तरी चालेल, तो खायला लेडीबर्ड भुंगेरे येतात.

कढीपत्त्यावरची अळी बहुतेक कॉमन मॉर्मन या फुलपाखराची असणार. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, शेवटची कात टाकली की हिरवी होते. कोश हिरवा किंवा तपकिरी, कमरेला बारीक धागा बांधून काडीला टेकलेला. छाटणीत असलेच जातात. मादीला कोवळी पालवी लागते, त्यामुळे छाटणी हवीच, पण एका वेळी दोनच झाडं, तीही एक तृतीयांश. छाटलेल्या फांद्या आठवडाभर झाडाखालीच ठेवा.

बुलबुल, गांधीलमाशा, मुंग्या बऱ्याच अळ्या नेतात. ते चालायचंच, जाळी लावू नका.

माकडलिंबू:
+१. लिंबाची रोपं नर्सरीतून आणली असतील तर तिथे आंतरप्रवाही कीटकनाशक दिलंय का ते विचारा. ते नव्या पालवीतही उतरतं. कढीपत्ता घरीच करा: पिकलेल्या काळ्या फळांचा गर धुऊन बी लगेच पेरा, वाळलं तर उगवत नाही. २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉर्मन, हवं असेल तर लिंबाशेजारी पपनस लावा.

गेंदेदार झेंडूत मध मिळणं अवघड, तिथे एकेरी पाकळ्यांचा लावा. तुळस-सब्जाच्या मंजिऱ्या खुडू नका, सातेरी आणि फुलोरी मधमाश्या तिथेच दिसतील. दोन फूट जमीन उघडी ठेवा, पालापाचोळा न घालता, पोळं न करता एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माश्या मातीत बीळ करतात. घाणेरी (लँटाना, भराभर पसरणारं परदेशी झुडूप) मात्र नको, कितीही फुलपाखरं येत असली तरी.

धागाकर्ता:
तेल आजपासून बंद. पण 'झाडं किडलीत' म्हणून तक्रारी येतात, आणि डासांसाठी धूरफवारणीही होते.

गवतफूल:
अळीच्या दोन्ही रूपांचे फोटो लावून पाटी करा: 'पानं खायलाच लावली आहेत'. धुराने फुलपाखरंही मरतात, पट्टा वगळायला कमिटीकडून लेखी पत्र द्या. तुमच्याकडे पाणी साचलेलं दिसलं तर कोणी ऐकणार नाही, म्हणून फुलपाखरांना ओलावा शोषायला बशी ठेवलीत तर तिच्यात काठोकाठ वाळू भरा, ओली करा, चिमूटभर मीठ. वर पाणी दिसता कामा नये.