जगातील धर्मांच्या तक्त्यात ‘अनुयायी’ हा रकाना कसा भरावा?

वाचनालय_कार्यकर्ता:
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर लावण्यासाठी जगातील प्रमुख धर्मांचा एक तक्ता मी तयार करीत आहे. संस्थापक, धर्मग्रंथ, ईश्वराविषयीची कल्पना, मुख्य आचार आणि अनुयायांची संख्या असे पाच रकाने आखले आहेत. ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन ओळी अर्ध्या तासात भरून झाल्या, पण पुढे काम अडले. बौद्धांची जागतिक संख्या एका ठिकाणी २०१० सालासाठी ४८ कोटी ८० लाख, तर दुसऱ्या ठिकाणी २०२० सालासाठी ३२ कोटी ४० लाख अशी सापडते आणि दोन्ही आकडे प्यू रिसर्च सेंटर या एकाच अमेरिकी संशोधन संस्थेचे आहेत. दहा वर्षांत सोळा कोटी माणसे धर्म सोडून गेली, हे पटत नाही. शिवाय हिंदू धर्माच्या ओळीत संस्थापक कोण लिहावा, आणि जैनांच्या ओळीत ईश्वराचा रकाना कोरा ठेवल्यास पाहणाऱ्याचा गैरसमज होईल का, हेही प्रश्न आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माजी_प्रगणक:
बौद्ध कोठेही गेलेले नाहीत. मोजण्याची पद्धत बदलली आहे. जुन्या अंदाजात जगातील निम्मे बौद्ध, म्हणजे सुमारे २४ कोटी ४० लाख, एकट्या चीनमध्ये धरले होते. चिनी भाषेत ‘धर्म’ या अर्थी जो शब्द रूढ आहे, त्यातून संघटित, नोंदणीकृत पंथ असा बोध होतो. त्यामुळे मंदिरात उदबत्ती लावणारा, बुद्धमूर्तीपुढे हात जोडणारा माणूसही ‘तुमचा धर्म कोणता’ असे विचारल्यावर ‘कोणताही नाही’ असे सांगतो. नव्या अहवालात हे सांगणेच प्रमाण मानले, जुना २०१०चा आकडाही त्याच पद्धतीने सुधारून ३४ कोटींच्या आसपास आणला, आणि उरलेली माणसे ‘निधर्मी’ या रकान्यात गेली. जपानमध्ये याच्या अगदी उलट घडते. तेथे मंदिरे आणि शिंतो देवस्थाने आपापल्या भाविकांची संख्या सरकारला कळवतात, आणि एकच कुटुंब दोन्हीकडे धरले जात असल्यामुळे बेरीज देशाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पुढे जाते.

२०११च्या जनगणनेत मी शिक्षक म्हणून प्रगणकाचे काम केले. धर्माच्या प्रश्नाबाबत सूचना स्पष्ट होती : समोरचा जे सांगेल ते लिहावे, वाद घालू नये, आणि कुटुंबप्रमुखाचा धर्म तोच सर्वांचा असे गृहीत धरू नये. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहांना १ ते ६ असे संकेतांक होते. इतरांसाठी धर्माचे पूर्ण नाव लिहायचे होते. प्रत्यक्षात ओट्यावर बसलेले आजोबा सगळ्या घराचे उत्तर एका दमात देऊन टाकत, आणि आतल्या सुनेला वेगळे विचारायचे म्हटले की घरात कुजबुज सुरू होई. त्या ‘इतर’मध्ये ‘सरना’ हा आपला निसर्गपूजक धर्म लिहिणारे आदिवासी देशभरात ४९ लाख ५७ हजार निघाले, स्वतंत्र संकेतांक असलेले जैन ४४ लाख ५१ हजार होते.

पाली_अभ्यासक:
मागच्या प्रतिसादाला पुरवणी जोडतो. आकडा नेहमीच कागदावरचा खेळ असतो असे नाही. कधी तो खरोखरच बदलतो. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात १९५१ साली अडीच हजारांहून कमी बौद्ध होते, १९६१ साली ते २७ लाख ८९ हजार झाले, आणि मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षा आहे. तरीही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या. तोपर्यंत घरात त्रिशरण आणि कागदावर हिंदू अशी ओढाताण अनेकांनी सोसली आहे.

खरी अडचण रकान्यांत आहे. संस्थापक, एक ग्रंथ, एक ईश्वर हा साचा ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांवरूनच बेतलेला असल्यामुळे त्या ओळी चटकन भरल्या. हिंदूंबाबत तर कायद्यालाही नकारार्थी व्याख्या करावी लागली : १९५५चा हिंदू विवाह कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शिखांना लागू होतो, आणि शिवाय जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही त्यालाही. तेव्हा तेथे ‘एक संस्थापक नाही’ असे सरळ लिहावे. जैनांचा रकाना कोरा ठेवू नये. ‘विश्व अनादी आहे, सृष्टिकर्ता ईश्वर नाही, कर्मबंधनातून मुक्त झालेले तीर्थंकर पूज्य आहेत’ एवढे पुरते. बौद्धांच्या ओळीत दुःख, त्याचे कारण, निरोध आणि अष्टांगिक मार्ग यांना प्राधान्य द्यावे. पुनर्जन्माविषयी मात्र सावध राहावे, कारण थेरवादी (श्रीलंका, ब्रह्मदेशाकडील जुन्या परंपरेचे) भिक्षू आणि आपल्याकडील नवयानी (बाबासाहेबांच्या दीक्षेच्या परंपरेतील) उपासक यांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत. शीख धर्माला संस्थापक आणि ग्रंथ दोन्ही आहेत; पण त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि १७०८ साली नांदेडला गुरुपद त्या ग्रंथालाच दिले गेले, म्हणून ‘धर्मग्रंथ’ हा शब्द तेथे तोकडा पडतो.

अष्टमीकर:
ज्यूंची ओळ भरताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. जगात ते सुमारे दीड कोटीच आहेत, आणि त्यांचा धर्म प्रथम आचारातून ओळखला जातो, मतांतून नंतर. आमच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. परंपरा सांगते की त्यांच्याजवळ धर्मग्रंथही उरला नव्हता आणि धर्मगुरूही नव्हता. शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर एकच आहे’ ही प्रार्थना, एवढ्यावर त्यांनी अनेक पिढ्या काढल्या. नवस फेडताना आजही गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हानाबी (प्रेषित एलिया) यांच्या नावाने करतात, आणि ही चाल इतर देशांतल्या ज्यूंकडे आढळत नाही. इस्राएलमध्ये गेल्यावर मात्र तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका काढली, आणि १९६४ साली तेथील सरकारला ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. ‘अनुयायी कोण’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हाही प्रश्न आपल्या रकान्यात दडलेला आहे.

सडेतोड:
सर्व मान्य, परंतु हा तक्ता आठवीतली मुले उभ्याउभ्या वाचणार आहेत. प्रत्येक चौकोनात निबंध लिहिलात तर कोणी थांबणार नाही. ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुस्लिम २०० कोटी, हिंदू १२० कोटी हे ठोक आकडे द्या आणि खाली साल लिहा. जर्मनीत चर्चच्या सदस्यांवरचा कर चुकवण्यासाठी कचेरीत जाऊन सदस्यत्व सोडणारा माणूस मनाने ख्रिस्ती राहिला की नाही, हे भिंतीवरच्या तक्त्याने ठरवायचे नसते.

वाचनालय_कार्यकर्ता:
सर्वांचे आभार. ‘संस्थापक’ हा रकाना काढून तेथे ‘आरंभ व परंपरा’ असे करतो. ‘अनुयायी’ऐवजी ‘स्वतःला या धर्माचे म्हणवणारे (२०२०, अंदाजे)’ असा मथळा देतो, म्हणजे एकाच पद्धतीचे आकडे राहतील. जैन व शिखांसाठी मात्र भारतातले २०११चेच आकडे घेऊन तसे खाली नमूद करतो. जैनांना ओळ आहे आणि त्यांच्याहून संख्येने अधिक असलेल्या सरनांना नाही, हे वाचल्यापासून मात्र खटकते आहे. कागद उरला आहे, तेव्हा त्यांचीही ओळ आखली आहे. सालवृक्षांची देवराई आणि सरहूलचा सण एवढेच मला लिहिता येते. झारखंडात राहिलेले कोणी येथे असल्यास बाकीचे चौकोन भरून द्यावेत.