मदत हवी आहे : पावसाळ्यात मीलवर्मच्या ट्रेमध्ये माइट्स

बेळगावच्या टिळकवाडीत पाळीव आफ्रिकन हेजहॉगसाठी (छोटा काटेरी प्राणी) घरीच मीलवर्म, म्हणजे खाद्य म्हणून वापरायच्या भुंग्याच्या अळ्या, वाढवतो. भुंगे, अळ्या आणि कोष वेगवेगळ्या ट्रेमध्ये, खाली 4-5 सेंमी गव्हाचा कोंडा, ओलाव्याला गाजराचे काप. उन्हाळ्यात सगळं उत्तम चालतं. मिरगाचा पाऊस लागला, हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली, की कोंड्यात माइट्स (कोळ्याच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) होतात. ट्रेच्या कडेला राखी धूळ साचल्यासारखी दिसते. भिंग धरलं की ती धूळ हलते.

करून पाहिलेलं : कोंडा आधी फ्रीजरमध्ये ठेवून मगच वापरणं, झाकणाऐवजी बारीक जाळी, गाजर सकाळी घालून संध्याकाळी काढणं. माइट्स कमी होतात, जात नाहीत. गाजर पूर्ण बंद केलं तर अळ्यांची वाढ मंदावते आणि त्या कोषच कुरतडतात. मुंग्यांचा त्रास नाही, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत.

अडचणी अशा : कीटकनाशक चालणार नाही, अळ्या हेजहॉगच्या पोटात जातात. डायटोमेशियस अर्थने (कीटक मारायला वापरतात ती बारीक मातीची पूड) अळ्याही मरतील. लाइट वारंवार जाते, त्यामुळे डिह्युमिडिफायरवर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) भिस्त नको. पार्सलने अळ्या मागवणं पावसात बेभरवशाचं. (मुख्य खाणं कोरडं कॅट फूड आहे, अळ्या जोडीला, कॅल्शियमची पावडर लावूनच देतो.)

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी आषाढ-श्रावणात मीलवर्मची पैदास (कल्चर) टिकवलीय का? गाजराऐवजी ओलाव्याला काय आणि किती वेळ ठेवता? आणि माइट्स लागलेल्या ट्रेमधले भुंगे स्वच्छ करून नव्या कोंड्यात घेता येतात, की फक्त कोष वेचून नव्याने सुरुवात करावी?