यांकी डूडल डँडी : चरित्र म्हणून खोटा असेल, पण नाटकवाल्या घराचा इतका खरा पिक्चर दुसरा नाही

तिसरी_घंटा :
परवा रात्री हा पिक्चर परत बघितला, सहाव्यांदा तरी असेल. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात : जॉर्ज एम. कोहॅन हा ब्रॉडवेवरचा (म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) नट, गीतकार, नाटककार, निर्माता सगळं एकटाच, त्याच्यावरचा १९४२ चा कृष्णधवल संगीतपट, वॉर्नर ब्रदर्सचा, दिग्दर्शक मायकेल कर्टीझ आणि जॉर्जच्या कामात जेम्स कॅग्नी, ज्याला यासाठी ऑस्कर मिळालं. आई, वडील, बहीण जोसी आणि जॉर्ज हे चौघं 'द फोर कोहॅन्स' म्हणून व्हॉडव्हिलमध्ये (गाणी, नाच, नकला, कसरती सगळं एकाच तिकिटात) गावोगाव खेळ करत फिरायचे.

तर या पिक्चरला "खोटा आहे" म्हणून हिणवतात ते मला पटत नाही. यातलं घर बघा ना. पोरगा लहानपणी डोक्यात हवा जाऊन मॅनेजरशी उद्धट बोलतो आणि अख्ख्या कुटुंबाचं काम घालवतो, बाप मारायला हात उचलतो तर आई म्हणते हातावर नको, व्हायोलिन वाजवायचंय, तोंडावर नको, गायचंय! शेवटी बाप मारायला जागा शोधतोच. नाटकवाल्या घरात पोराचं शरीर म्हणजे सुद्धा कंपनीची मालमत्ता असते, हे इतक्या हसत हसत कोणी दाखवलंय? आणि मोठा झाल्यावर आपल्या स्वभावामुळे घरच्यांना काम मिळत नाहीये हे कळल्यावर तो "माझं नाटक विकलं गेलं" अशी थाप मारून स्वतः बाजूला होतो. जोसीचं काम कॅग्नीच्या सख्ख्या बहिणीनेच केलंय, त्यामुळे स्टेजवर दोघं एकमेकांकडे बघतात ते बघणंच वेगळं. सनावळ्या चुकल्या तर चुकू देत.

गोदाकाठ :
असहमत. प्रश्न सनावळ्यांचा नाहीये, घरातलं माणूसच पुसून टाकलंय त्याचा आहे. कोहॅनची पहिली बायको एथेल लेव्ही, ती नुसती बायको नव्हती, १९०४ च्या 'लिटल जॉनी जोन्स'मध्ये ती स्टेजवर त्याच्याबरोबर होती, म्हणजे ज्या नाटकातल्या गाण्यावरून पिक्चरचं नाव आलं त्याच नाटकात. १९०७ मध्ये घटस्फोट झाला, नंतर अ‍ॅग्नेस नोलनशी लग्न. पिक्चरमध्ये दोघी गायब आणि मेरी नावाची एक गोड काल्पनिक बायको. एथेल कोर्टात गेली आणि हरली, कारण कोर्ट म्हणालं मेरी म्हणजे ती नव्हेच. कोहॅनच्या हातात पटकथा पसंत-नापसंत करायचा अधिकार होता, खाजगी आयुष्य नको ही अट त्याचीच. मग याला घराचा पिक्चर कसं म्हणायचं? हा घरच्या कर्त्याने स्वतः निवडलेला फोटो अल्बम आहे.

तिसरी_घंटा :
@गोदाकाठ, एथेलचं मान्य, तिच्यावर अन्याय झालाच. पण हा आई-बाप-भावंडांचा पिक्चर आहे हो, लग्नाचा नाहीच. वडिलांच्या वाढदिवसाला तो आपल्या सगळ्या मालकीतला अर्धा हिस्सा त्यांच्या नावावर करतो, तिथे वडिलांच्या कामातल्या वॉल्टर ह्यूस्टनचा चेहरा बघा आणि मग सांगा अल्बम आहे का ते.

विंगेतला :
मी १४ वर्षं बॅकस्टेजला आहे, नाइटवर (म्हणजे प्रयोगामागे ठरलेल्या पैशांवर) काम करतो, म्हणून लिहितोय. मला एथेलपेक्षा १९१९ चा संप जास्त खुपतो. ब्रॉडवेच्या नटांनी अ‍ॅक्टर्स इक्विटी या त्यांच्या युनियनच्या झेंड्याखाली महिनाभर संप केला होता, तालमीचे पैसे मिळायचे नाहीत, आठवड्याला आठ प्रयोगांच्या वर जास्तीचे प्रयोग फुकट करून घ्यायचे, असल्या गोष्टींवरून. नट जिंकले. आणि कोहॅन कुठे होता तर निर्मात्यांच्या बाजूला, इक्विटीच्या विरोधात वेगळी संघटना काढून, आणि नंतरही तो इक्विटीत कधी गेला नाही. जो माणूस लहानपणी धर्मशाळेसारख्या लॉजमध्ये वाढला, काम नसलं की उपास म्हणजे काय हे ज्याला माहीत होतं, तो असं वागला! पिक्चरमध्ये याचा एक शब्द नाही. आणि तो ज्याने रंगवला तो कॅग्नी त्याच १९४२ साली स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा अध्यक्ष झाला, नटांच्या युनियनचा.

माझ्याकडून एका निर्मात्याने दौऱ्यात एका दिवसात दोन प्रयोगांचे सेट लावून घेतले आणि पैसे एकाच नाइटचे दिले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य मी तेव्हा ऐकलंय. त्यामुळे पडद्यावर नाटक कंपनीला कुटुंब म्हणायला लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

रीळ_नंबर_७ :
एक राहिलंच, ते चौघं चेहरे काळे रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात तो प्रवेश. त्या काळी व्हॉडव्हिलमध्ये ते चालायचं हे खरं आहे, पण पिक्चर त्याकडे नुसतं मजा म्हणून बघतो, मला तो तुकडा बसून बघवत नाही. आणि बघायचाच असेल तर प्लीज कृष्णधवल बघा, ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरने रंगवून काढला होता तो नको. जेम्स वाँग हॉवेचं छायाचित्रण आहे, विंगेतला अंधार आणि फूटलाइटचा उजेड हे रंगात पार मेलंय.

गोदाकाठ :
@विंगेतला +१. संपाचं मला माहीत होतं पण तालमीच्या पैशांचं नव्हतं.
@तिसरी_घंटा, तुम्ही आई-बापांचा पिक्चर म्हणताय तर तेही बघा. पिक्चरमध्ये आधी जोसी जाते, मग आई, आणि बाप शेवटी, जॉर्ज उशाशी असताना. प्रत्यक्षात वडील १९१७ मध्येच गेले आणि आई नेली १९२८ पर्यंत होती. म्हणजे बापलेकाचा सीन हवा म्हणून आईला अकरा-बारा वर्षं आधी मारलं. आई-बापांच्या पिक्चरमध्ये!

तिसरी_घंटा :
आईचं मला खरंच माहीत नव्हतं. हे लागलं.
@विंगेतला, तुमच्याशी वाद घालणार नाही, संप दाखवायला हवा होता, आणि तो आला असता तर कॅग्नीने तो जास्तच जोरात केला असता असं मला वाटतं. पण त्या मृत्यूच्या सीनमध्ये तो बापाच्या कानाशी तेच म्हणतो जे तो रोज पडदा पडताना चौघांच्या वतीने म्हणायचा, माझी आई आभारी आहे, वडील आभारी आहेत, बहीण आभारी आहे आणि मी पण. रोजचं ठरलेलं वाक्य, आणि ते ऐकायला आता घरातलं कोणी उरलेलं नाही. तारखा खोट्या आहेत हे आता कळलं तरी माझं त्या सीनबद्दलचं मत बदलत नाहीये.

विंगेतला :
तो सीन मलाही आवडतो. फक्त ते आभार मानताना विंगेत दोर ओढणारा कोण होता आणि त्याला त्या रात्रीचे किती मिळाले, हे मला दर वेळी आठवतं.