शब्दचर्चा: खाणीतल्या ‘बर्म’ला मराठीत काय म्हणावं?

वणीकर: कोळशाच्या उघड्या खाणीत डंपर ऑपरेटरांना सुरक्षेचे धडे देतो. हॉल रोडच्या (डंपर धावतात तो खाणीतला रस्ता) आणि डम्पच्या (खणलेली माती ओततात तो ढिगारा) कडेला माती-दगडाचा जो उंचवटा घालतात त्याला सगळे ‘बर्म’ म्हणतात. नवीन पोरांना हा शब्द नुसता पाठ असतो. मराठी फलक करायचा आहे. ‘संरक्षक कठडा’ कसा वाटतो?

शब्दवेडी: कठडा मला पटत नाही. कठडा म्हटलं की पुलाचा किंवा गच्चीचा आठवतो. त्याला निर्धास्त रेलता येतं.

चंद्रपूरचे काका: ताई बरोबर बोलल्या. एकवीस वर्षं डंपर चालवला, त्यातली बरीच ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या डम्पवर. भरलेल्या डंपरचं दोन-तृतीयांश वजन मागच्या चाकांवर असतं, आणि ओतताना कडेकडे जातात ती मागचीच चाकं. खाली कालपरवा टाकलेली भुसभुशीत माती. बर्म तिथे गाडी अडवायला नसतो, कड कुठे आहे ते दाखवायला असतो. आमच्यात ‘टेकव’ म्हणायची सवय होती, म्हणजे मागचं चाक बर्मला टेकेपर्यंत मागे घे. ही सवय फार वाईट. पावसाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की बर्मसकट कड खाली बसते. माझ्या पुढची गाडी अशीच अर्धी लटकलेली पाहिली आहे. ऑपरेटर वाचला, पण परत डम्पवर आला नाही.

वणीकर: काका, म्हणूनच शब्दाची चिंता. ‘धुरा’ चालेल का? आपल्याकडे शेताच्या बांधाला धुराच म्हणतात.

शब्दवेडी: पुण्याकडे धुरा म्हणजे जबाबदारी, ‘धुरा सांभाळणे’. शेताचा बांध हा अर्थ मला आजच कळला.

चंद्रपूरचे काका: आमच्या पोरांना बरोबर कळेल, पण धुरा गुडघाभर असतो. बैलसुद्धा ओलांडतो. बर्म तेवढाच समजले तर घात होईल.

फोंड्याहून: आमच्याकडे शेताच्या बारक्या वरंब्याला ‘मेर’ म्हणतात आणि खाजन शेतीत नदीचं खारं पाणी थोपवतो तो ‘बांध’. मेरेवरून चालतात, पण बांधाची राखण करतात, तो फुटला तर सगळं शेत जातं. मला ‘बांध’ योग्य वाटतो. आमच्या लोखंडाच्या खाणींवरही तो कळेल.

शब्दवेडी: नियमात उंची दिली आहे का?

वणीकर: आहे. आपल्याकडे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असेल तर कडेच्या बांधाची उंची त्या रस्त्यावरच्या सर्वांत मोठ्या वाहनाच्या टायरच्या व्यासाइतकी तरी हवी आणि माथा निदान 1 मीटर रुंद. शंभर टनी डंपरचा टायर अडीच मीटरच्या वर जातो. अमेरिकेत निदान अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या मध्याइतकी उंची मागतात, म्हणजे आपल्या साधारण निम्मी. आपल्या नियमाच्या इंग्रजी मजकुरात त्याला चक्क भिंत म्हटलं आहे, तिथूनच ‘कठडा’ आला असावा.

शब्दवेडी: मग उंची नावातच घाला. ‘चाकभर बांध’. गुडघाभर, कंबरभर, पुरुषभर म्हणतो तसंच.

चंद्रपूरचे काका: वा! हे पोरांच्या तोंडी बसेल. गाडीजवळ उभं राहून स्वतःच मोजता येईल. सुपरवायझरलाही सांगता येईल, ‘साहेब, इथे बांध चाकभर नाही, मी गाडी लावणार नाही.’

वणीकर: फलकाचा मसुदा असा: ‘बांध चाकभर नसेल तर ओतू नका. बांधाला चाक टेकवू नका. कडेला भेग दिसली तर अलीकडेच ओता, पुढचं डोझर ढकलेल.’

फोंड्याहून: ‘भेग दिसली तर’ सर्वांत वर घ्या. पावसाळ्यात आधी तेच पाहायचं असतं.

चंद्रपूरचे काका: आणि ‘अलीकडेच’ नको. घाईत कोणी ‘पलीकडे’ वाचेल. ‘कडेपासून दूर ओता’ लिहा.

वणीकर: दोन्ही बदल केले. उद्या पहिल्या पाळीला वाचून दाखवतो.